स्थानिक स्पर्धांमध्ये स्वतंत्र स्पोर्ट्स फिजिओ म्हणून काम करायचंय? नोंदणी, कागदपत्रं आणि आयोजकाकडून घ्यायचं पत्र

जिल्हास्तरीय कबड्डी असो, नगरसेवक चषक असो की शहरातली हाफ मॅरेथॉन, आयोजकांच्या यादीत मंडप, स्पीकर आणि चषकांच्या जोडीला हल्ली 'फिजिओ' हाही एक मुद्दा असतो. फोन येतो तो बहुतेक वेळा दोन दिवस आधी. "मॅडम, शनिवार-रविवार मोकळ्या आहात का? मानधनाचं बघू." हॉस्पिटलची नोकरी न करता किंवा ती सांभाळून अशी कामं घेणाऱ्या तरुण फिजिओंचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: यासाठी वेगळं लायसन्स लागतं का?

महाराष्ट्रात स्पर्धेच्या ठिकाणी काम करण्यासाठी वेगळा परवाना काढावा लागत नाही. फिजिओथेरपिस्ट म्हणून राज्य परिषदेत असलेली नोंदणी हाच तुमचा परवाना. अमेरिकेत 'अॅथलेटिक ट्रेनर' हा फिजिओथेरपीपेक्षा वेगळा, स्वतःची परीक्षा असलेला पेशा आहे. आपल्याकडे मैदानावरचं ते काम फिजिओच करतात. त्यामुळे खरी तयारी तीन गोष्टींची: परिषदेची नोंदणी, एकट्याने व्यवसाय करण्याचे कागद आणि आयोजकाशी लेखी बोलणं. पहिल्या दोन गोष्टी सगळे कधी ना कधी करतात. तिसरी जवळजवळ कुणी करत नाही, आणि भानगड झाली की हात तिच्यापाशीच अडकतात.

पात्रता

बीपीटीएच, म्हणजे फिजिओथेरपीची पदवी आणि पूर्ण झालेली इंटर्नशिप. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा आतापर्यंतचा अभ्यासक्रम चार वर्षं अधिक सहा महिने इंटर्नशिप असा होता. इंटर्नशिप चालू असताना सीनियरच्या हाताखाली मैदानावर जाणं वेगळं आणि स्वतःच्या नावाने मानधन घेऊन जाणं वेगळं. दुसरं करू नका. स्पोर्ट्समधली एमपीटीएच (पदव्युत्तर पदवी) असेल तर उत्तमच, पण स्थानिक स्पर्धांसाठी तशी अट नाही.

पदवी नसलेल्यांनी काय करावं, हेही बरेच जण विचारतात. सहा आठवड्यांचा मसाज किंवा टेपिंगचा कोर्स केलेल्या माणसाने जर्सीवर 'फिजिओ' लिहून मैदानात उतरू नये. त्याने स्पोर्ट्स मसाजर किंवा प्रथमोपचारक म्हणून जावं, पत्रातही तसंच लिहून घ्यावं. प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र सेंट जॉन अॅम्ब्युलन्स किंवा भारतीय रेडक्रॉसकडून मिळतं. ते काम कमी प्रतीचं नाही. मॅरेथॉनच्या शेवटच्या दोन किलोमीटरवर दहा फिजिओंपेक्षा पंधरा चांगले प्रथमोपचारक जास्त उपयोगी पडतात.

परिषदेची नोंदणी

महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषद २००२ च्या कायद्याने अस्तित्वात आली. बोलताना सगळे 'ओटीपीटी कौन्सिल' म्हणतात. अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. त्यासाठी साधारण हे कागद आधीच स्कॅन करून ठेवा:

- दहावी-बारावीच्या गुणपत्रिका आणि जन्मतारखेचा पुरावा
- बीपीटीएचच्या सर्व वर्षांच्या गुणपत्रिका
- इंटर्नशिप पूर्ण केल्याचं कॉलेजचं प्रमाणपत्र
- पदवी प्रमाणपत्र (दीक्षांत समारंभ व्हायचा असेल तर तात्पुरतं)
- आधार, फोटो, सही
- नावात बदल असेल तर विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्र

अर्ज अडकतो तो बहुधा शेवटच्या कागदावर. दहावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांचं नाव एका स्पेलिंगने, आधारवर दुसऱ्या, पदवीवर आडनाव आधी. असं असेल तर अर्ज भरण्याआधी आधार दुरुस्त करून घ्या. दुसऱ्या राज्यातून पदवी घेतलेल्यांनी तिथल्या परिषदेचं ना-हरकत पत्र हाताशी ठेवावं. तिकडच्या नोंदणीवर इथे वर्षानुवर्षं काम करत राहणं बरोबर नाही.

केंद्राचा २०२१ चा सहाय्यक आणि आरोग्य सेवा व्यवसाय आयोग कायदा फिजिओथेरपीलाही लागू आहे. त्यानुसार राज्य परिषदांची रचना बदलते आहे, म्हणून अर्ज करण्याच्या दिवशी शुल्क आणि नमुना संकेतस्थळावर पुन्हा पाहून घ्या. मित्राने मागच्या वर्षी पाठवलेली पीडीएफ वापरू नका.

प्रमाणपत्रावरची नूतनीकरणाची तारीख मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाका. सोबत सीपीआरचा (हृदय बंद पडल्यास छाती दाबून श्वास देण्याचा), म्हणजे बीएलएसचा (बेसिक लाइफ सपोर्ट) कोर्स हवाच. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या कार्डाची मुदत दोन वर्षांची असते. धावण्याच्या स्पर्धांचे आयोजक परिषदेच्या नोंदणीआधी हेच कार्ड मागतात, असाही अनुभव येतो.

व्यवसायाचे कागद

उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारदरबारी नोंद) आधार आणि पॅनवर, घरबसल्या आणि फुकट होते. त्यासाठी पाचशे-हजार रुपये मागणाऱ्या खासगी साइट्स सरकारी वाटाव्यात अशाच बनवलेल्या असतात, पत्ता नीट वाचा. व्यवसायाचा एनआयसी (राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरण) कोड ८६९०१: परिचारिका, मालिशकार, फिजिओथेरपिस्ट आणि इतर पॅरामेडिकल व्यावसायिक. एकट्याने काम करणाऱ्याला २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीची गरज नाही, फक्त 'नमुना एफ' मध्ये सूचना द्यायची. उद्यम आणि ही सूचना, दोन्ही असल्या की बँकेत चालू खातं उघडणं सोपं जातं.

व्यवसाय कराकडे मात्र हमखास दुर्लक्ष होतं. नोकरीत तो पगारातून कापला जातो. स्वतंत्र काम करणाऱ्याने स्वतः नावनोंदणी करून वर्षाला २,५०० रुपये भरायचे असतात, तेही वस्तू व सेवा कर विभागाच्या 'महाजीएसटी' संकेतस्थळावर. चार-पाच वर्षांनी एकदम आठवलं तर व्याज आणि दंडासह बोजा अंगावर येतो.

जीएसटीचं थोडं समजून घ्या. आजार, दुखापत किंवा व्यंगावरचे उपचार आणि काळजी या आरोग्य सेवेला जीएसटी माफ आहे, आणि ही माफी पॅरामेडिकल व्यावसायिकालाही मिळते. घोटा मुरगळलेल्या चढाईपटूला टेप लावणं त्यात सरळ बसतं. पण शर्यतीनंतर पाय हलके व्हावेत म्हणून रांगेतल्या प्रत्येकाला दहा मिनिटं मसाज, किंवा सोसायटीतली फिटनेस बॅच, यांना दुखापतीवरचा उपचार म्हणता येत नाही. अशी करपात्र कामं करत असाल आणि वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांच्या आत असेल, तर नोंदणी लागत नाही. तरी बिलावर दोन्ही कामं वेगळ्या ओळींत लिहिण्याची सवय लावा.

टीडीएसच्या, म्हणजे पैसे देतानाच कापल्या जाणाऱ्या आयकराच्या बाबतीत आयोजकांचे अकाउंटंटही गोंधळतात. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने ऑगस्ट २००८ मध्ये अधिसूचना काढून क्रीडा क्षेत्रातले पंच, प्रशिक्षक, संघाचे डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट यांचं मानधन कलम १९४जे मध्ये आणलं. म्हणजे कपात १० टक्क्यांची. एप्रिल २०२५ पासून मर्यादा एका देणाऱ्याकडून वर्षाला ५०,००० रुपये आहे. १ एप्रिल २०२६ पासून नव्या आयकर कायद्यात कलमाचा आकडा बदलला, हिशेब तोच राहिला. एका क्रीडा संस्थेने वर्षभरात तुम्हाला ६०,००० दिले तर ६,००० कापले जातील, आणि ते आयकर खात्याच्या साइटवरच्या तुमच्या करकपातीच्या विवरणात (आतापर्यंतचा फॉर्म २६एएस) दिसले पाहिजेत. "टीडीएस कापलाय" असं तोंडी सांगून पैसे कमी दिले आणि ते विवरण कोरं असेल, तर तो टीडीएस नव्हे.

आयोजकाकडून घ्यायचं पत्र

आता ती तिसरी गोष्ट. व्हॉट्सअॅपवरचा "ओके मॅडम, या" हा करार म्हणून फार तोकडा पडतो. एका पानाचं पत्र पुरतं, पण त्यात काही गोष्टी स्पष्ट हव्यात. तुम्ही फिजिओथेरपिस्ट म्हणून आहात, डॉक्टर म्हणून नाही. मैदानावर एमबीबीएस डॉक्टर कोण आहे, रुग्णवाहिका किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत आहे, जवळचं हॉस्पिटल कोणतं ठरलंय. खेळाडूला बाहेर बसवण्याचा तुमचा निर्णय प्रशिक्षक किंवा पंच फिरवणार नाहीत. आणि मानधन किती, कधी, साहित्य कुणाचं.

डॉक्टर नसलेल्या मोठ्या स्पर्धेचं काम घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आयोजक म्हणतात, "तुम्ही आहात ना!" पण भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ पाहा. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास पाच वर्षांपर्यंत कैद. वैद्यकीय प्रक्रिया करताना असं घडलं तर नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकासाठी ही मर्यादा दोन वर्षांची आहे. मात्र त्या सवलतीची व्याख्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कायद्यातल्या पदव्यांपुरती आहे. फिजिओ तिच्यात बसत नाही. डॉक्टरची जागा भरायला तुम्हाला उभं केलं जात असेल, तर डॉक्टरचं संरक्षण आपल्याला नाही हे माहीत असू द्या.

म्हणूनच व्यावसायिक दायित्व विमा घ्या. पॉलिसीत एक ओळ शोधा: क्लिनिकच्या बाहेर, स्पर्धेच्या ठिकाणी केलेलं काम त्यात धरलंय का? काही पॉलिसी पत्ता दिलेल्या क्लिनिकपुरत्याच असतात. आधीच्या कामाबद्दलचा दावा कोणत्या तारखेपासून ग्राह्य आहे तेही पाहा, आणि नूतनीकरणात खंड पडू देऊ नका.

गोळ्या, सलाईन आणि 'स्प्रे मारा'

मॅटच्या कडेला दिवसातून किमान एकदा हे होतं. दुसऱ्या सत्राला चार मिनिटं उरलेली, कोपरारक्षक गुडघा धरून बसलेला, प्रशिक्षक खाली वाकून कानात सांगतो, "एक पेनकिलर द्या, एवढा सामना काढतो." फिजिओला औषध लिहून देण्याचा अधिकार नाही, आणि बॅगेतून काढून हातावर ठेवणं हाही त्यातलाच प्रकार. बॅगेत गोळ्यांची स्ट्रिपच ठेवू नका, म्हणजे वाद उरत नाही. बर्फ, कडक आणि लवचिक अशा दोन्ही टेप, अंडररॅप (टेपखाली गुंडाळायची पातळ पट्टी), क्रेप बँडेज, निर्जंतुक गॉझ, जखम धुण्यासाठी सलाईनची बाटली, हातमोजे, कात्री, सीपीआरचा मास्क, स्प्लिंट. एवढं पुरे.

यात डोपिंगचाही प्रश्न आहे. गावच्या स्पर्धेत कोण चाचणी घ्यायला येतंय, असं वाटतं. पण त्याच संघात राष्ट्रीय पातळीवरचा एखादा पाहुणा खेळाडू असतो, आणि २०२२ च्या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी कायद्यात खेळाडूसोबतचे वैद्यकीय आणि पॅरामेडिकल सहाय्यकही येतात. निषिद्ध यादी दर १ जानेवारीला बदलते. ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक २०२४ पासून स्पर्धाकाळात निषिद्ध आहे. हॉस्पिटलातल्या उपचारांखेरीज १२ तासांत १०० मिलीलीटरपेक्षा जास्त सलाईन शिरेतून चढवणंही निषिद्ध, त्यात औषध असो वा नसो. 'थकवा आलाय, एक बाटली लावू' ही आपल्याकडची सवय इथे नडते.

डोक्याला मार लागल्याचा संशय आला तर त्या दिवशी खेळ संपला. कन्कशन (मेंदूला बसलेला हादरा) ओळखण्याचं सीआरटी ६ हे पानभर साधन मोफत मिळतं. त्याची छापील प्रत बॅगेत असू द्या, प्रशिक्षकाशी वाद घालताना ती कामी येते. उन्हातल्या शर्यतीत उष्माघात झाला तर आधी थंड पाण्यात बुडवून किंवा बर्फाचे ओले टॉवेल लावून शरीर थंड करायचं, हॉस्पिटलला न्यायचं ते त्यानंतर. पाण्याचा टब आणि बर्फाची सोय आयोजकाकडून पत्रातच मागून घ्या. आयत्या वेळी बर्फ सरबताच्या स्टॉलवर गेलेला असतो.

मुलांच्या स्पर्धा

१८ वर्षांखालील खेळाडू असतील तर प्रवेश अर्जावरच पालकांची उपचारसंमती घ्यायला सांगा. तपासणी उघड्यावर नको म्हणून पडदा लावा, पण आत संघव्यवस्थापक किंवा पालक असू द्या, मुलींच्या बाबतीत शक्यतो स्त्री. लैंगिक छळाची कुणकुण लागली तर पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. आयोजकाला सांगितलं म्हणजे कर्तव्य संपलं असं होत नाही.

शालेय आणि शासकीय स्पर्धांचं काम जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडून येतं. तिथे दरपत्रक, परिषदेचं प्रमाणपत्र, पॅन आणि रद्द केलेला धनादेश मागतात. पैसे उशिरा येतात, पण येतात.

कचरा आणि नोंदी

रक्ताळलेला गॉझ मंडपाच्या डस्टबिनमध्ये टाकून निघणं चालत नाही. २०१६ चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम आरोग्य शिबिरांनाही लागू आहेत. रक्ताळलेलं ड्रेसिंग पिवळ्या पिशवीत, ब्लेड-सुया पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात. रुग्णवाहिका ज्या हॉस्पिटलची असेल त्यांच्याकडे ती पिशवी सोपवायची, असं आधीच ठरवा.

प्रत्येक खेळाडूची दोन ओळींची नोंद करा: वेळ, जर्सी क्रमांक, काय झालं, काय केलं, खेळू दिलं की नाही. सल्ला न ऐकता खेळाडू उतरला तर तिथेच त्याची सही घ्या, तो देत नसेल तर संघव्यवस्थापकाची. दुखापतीचे फोटो सोशल मीडियावर टाकायचे नाहीत, चेहरा झाकूनसुद्धा.

बिल शेवटच्या दिवशी बक्षीस समारंभाच्या आधी द्या. त्यावर नोंदणी क्रमांक, पॅन, कामाच्या तारखा आणि पत्राचा संदर्भ असू द्या. चषक वाटून झाल्यावर खजिनदार सापडत नाही.