खंजेरी, झडती आणि रॅप: विदर्भातल्या नव्या गाण्यामागचा इतिहास

अमरावती, यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोलीकडची पोरं आता स्वतःच गाणी लिहितात, मोबाइलवर बीट लावून रेकॉर्ड करतात आणि यूट्यूबवर टाकतात. ‘१०० आरबीएच’ या नावानं रॅप करणारा सौरभ अभ्यंकर अमरावतीचा. तो टीव्हीवरच्या ‘हसल’ या स्पर्धेत उतरला, तेव्हा इकडच्या बोलीतला ठसका बऱ्याच जणांनी पहिल्यांदा ऐकला. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झालं आणि ही लाट आली, असं सांगितलं जातं. ते खरंच आहे, पण तेवढ्यानं उलगडा होत नाही. इंटरनेट सगळीकडेच स्वस्त झालं होतं. इथल्या पोरांच्या कानावर आधी काय पडलं होतं, ते पाहायला हवं.

सुरुवात खंजेरीपासून करावी लागते. अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत १९०९ साली जन्मलेल्या तुकडोजी महाराजांनी हे हातात मावणारं वाद्य गावोगावी नेलं. लाकडी कड्यावर ताणलेलं कातडं आणि कडेला झांजांच्या चकत्या, एवढाच त्याचा संसार. उजव्या हातानं थाप मारायची आणि डाव्या हाताच्या बोटांनी कातडं दाबत सूर वरखाली करायचा. पावसाळ्यात कातडं सैल पडलं की विस्तवावर शेकून घ्यायचं. पेटी-तबला नसला तरी एकटा माणूस हजारोंची सभा धरून ठेवू शकतो, हे गावांनी तुकडोजींकडूनच पाहिलं. त्यांची भजनं मराठीत होती, तशी हिंदीतही होती. विषय देवापुरता नव्हता. व्यसन, अस्पृश्यता, सावकारी, गावची घाण, गुलामी, सगळं त्यात यायचं. १९४२च्या ऑगस्टमध्ये चिमूर-आष्टीत उठाव झाला आणि इंग्रज सरकारनं महाराजांना अटक करून नागपूर-रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. भजनाची धास्ती सरकारला वाटावी, एवढी त्या शब्दांची पोच होती.

त्याच काळात गाडगेबाबा कीर्तनात समोरच्यांना वऱ्हाडीत प्रश्न विचारायचे आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढायचे. पुढे अकोला जिल्ह्यातल्या सत्यपाल महाराजांनी एकाऐवजी सात खंजेऱ्या समोर मांडल्या. सप्तखंजेरीच्या त्या कीर्तनात गाणं कुठं संपतं आणि बोलणं कुठं सुरू होतं, ते कळत नाही. तालावर बोलणं, मधेच थांबून टोला हाणणं, पुन्हा ताल पकडणं हे सगळं इथल्या श्रोत्यांना पाठ आहे. म्हणूनच माझ्या मते रॅप इथं परका वाटला नाही. तुकडोजींच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या प्रार्थनेला जाऊन बसलेल्या पोराला तो प्रकार ओळखीचाच वाटला.

दुसरी शाळा पोळ्याची. तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहिल्या की झडत्या सुरू होतात. एकानं यमक जुळवत चार ओळी फेकायच्या, शेवटी ‘एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव’, की दुसऱ्यानं त्याच्यावर चढती झडती टाकायची. नापिकी, कापसाचा भाव, पुढारी, कोणाचीही गय नाही. शहरातली पोरं ज्याला रॅप बॅटल म्हणतात, ते इथं पिढ्यान्‌पिढ्या बैलांच्या साक्षीनं चालत आलंय.

तिसरा आणि सर्वात धारदार प्रवाह भीमगीतांचा आहे. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात आणि दोन दिवसांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा झाली. वस्त्यावस्त्यांत गायन पार्ट्या उभ्या राहिल्या. हार्मोनियम, ढोलक, बेंजो आणि कव्वालीच्या धर्तीवरचे रात्रभराचे सामने. परंपरेनं जातीवर लादलेलं वाजवणं अनेकांनी ठरवून सोडलं आणि स्वतःच्या माणसाचं, स्वतःच्या हक्काचं गाणं हातात घेतलं. आजच्या रॅपमध्ये जातीबद्दल जे सरळ, न घाबरता बोललं जातं, ते तिथून आलंय. एप्रिलमधल्या जयंतीच्या रात्री ज्यांनी लहानपणी जागून काढल्या, त्यांना राग कसा मांडायचा हे वेगळं शिकवावं लागत नाही.

या गाण्यांत हिंदीची भेसळ कुठून आली, हेही विचारलं जातं. मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी नागपूर होती. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १९६०ला महाराष्ट्रात. बाजार, कचेरी, कव्वाली, सगळीकडे हिंदी होतीच. पूर्वेला गडचिरोलीत गोंडीतली रेला ही नाचगाणी, मेळघाटात कोरकूंचे ढोल-बासरी. त्या भाषांतली गाणीही आता कीबोर्डच्या ठेक्यावर यूट्यूबवर येतात आणि लग्नांत वाजतात.

म्युझिक कंपनीविना जगणंही इथं नवं नाही. झाडीपट्टीची नाटकं पाहा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा भरते, शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती होतात आणि रात्री नाटक लागतं. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे त्या धंद्याचं ठाणं; नाटक मंडळ्यांची ऑफिसं तिथंच, बुकिंग तिथंच. प्रयोग रात्रभर चालतो, वाद्यवृंद मंचापाशीच बसतो आणि मधे मधे गाणी होतात. तिकिटाचा पैसा गावातूनच येतो. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा मुंबई-पुण्यात या रंगभूमीची चौकशी सुरू झाली. इकडे ती केव्हाची स्वतःच्या पायावर उभी होती. त्याच्याही आधीची खडी गंमत आणि दंडार ही लोकनाट्यं तशीच, गावच्या वर्गणीवर चाललेली. आजच्या गायकाचं पोटही बहुधा व्ह्यूजवर भरत नाही. जयंती, मंडई, गणपती आणि लग्नाच्या सुपाऱ्यांवरच भरतं.

बायकांचं गाणं मात्र या सगळ्यात मागं राहिलं, याचं मला फार वाईट वाटतं. भादव्यातल्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत पोरी भुलाबाईची गाणी म्हणायच्या, त्यात सासरचं दुःख आणि चेष्टा दोन्ही असायचं. शेतात निंदणाऱ्या बायांच्या तोंडी तर गाण्यांची खाणच आहे. पण मंचावर स्त्रीपात्रं पुरुष करायचे, भजनी मंडळांत पुरुष बसायचे आणि मोबाइलही आधी घरातल्या पोराच्याच हातात आला. नवीन गायिका येताहेत, पण त्यांच्या आजीची चाल त्यांच्या बीटवर अजून फारशी ऐकू येत नाही.

राहिला नावाचा प्रश्न. जुन्या भजनात शेवटच्या कडव्यात कवीची छाप असायची. ‘तुकड्यादास’ म्हटलं की गाणं कोणाचं ते गावाला कळायचं. शाहीरही तसंच करायचे. रॅपर गाण्याच्या सुरुवातीलाच स्वतःचं नाव घेतो, ते त्याच रीतीतलं आहे. डीजे मिक्स करताना नेमका तेवढाच तुकडा कापला जातो. गाणं चार जिल्ह्यांत वाजतं आणि लिहिणाऱ्याला ना नाव मिळतं, ना पैसा. मिक्स करणाऱ्यांनी ती छाप राहू द्यावी आणि व्हिडिओखाली गीतकाराचं, गायकाचं आणि गावाचं नाव लिहावं, एवढं तर आजपासूनच करता येईल.