मोस्तारचा पूल परत बांधताना त्याचा वाकडेपणाही जपला

बोस्नियातल्या मोस्तार शहरात नेरेत्वा नदीवर एका कमानीचा दगडी पूल आहे, ऑटोमन काळातला, मिमार हैरुद्दीनने १५६६ मध्ये पूर्ण केलेला. म्हणजे आज दिसतो तो खरं तर २००४ चा. मधली ४२७ वर्षं तो टिकला, दोन महायुद्धंही बघितली, आणि बोस्नियाच्या युद्धात ९ नोव्हेंबर १९९३ ला बोस्नियन क्रोएट फौजेच्या तोफगोळ्यांनी नदीत पडला.

असा पूल उभा कसा राहतो ते भारी आहे. कमानीतला प्रत्येक दगड शेजारच्याला दाबून धरतो, आणि दगड दाब मस्त सहन करतो पण ओढला गेला की पटकन तडकतो. म्हणून कारागिरांनी दगड लोखंडी पट्ट्या आणि खुंट्यांनी एकमेकांत अडकवले आणि खाचांत वितळलेलं शिसं ओतलं (आपल्या सिंधुदुर्गाच्या पायात शिसं ओतल्याचं सांगतात, तेच मटेरियल). शिसं मऊ, त्यामुळे दगड जरा हलला तरी ते सांभाळून घेतं, शिवाय लोखंडाला पाणी लागू देत नाही, नाहीतर लोखंड गंजून फुगतं आणि दगडाला आतूनच फोडतं.

युद्ध संपल्यावर हंगेरियन सैन्याच्या डायव्हर्सनी नदीतून जुने दगड काढले, पण ते इतके खराब झाले होते की परत वापरणं जमलं नाही. मग तेनेलिया नावाचा तोच चुनखडीचा दगड स्थानिक खाणीतून नव्याने आणला, जोडायची पद्धत तीच लोखंड-शिशाची. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे जुनी कमान भूमितीच्या हिशोबाने परफेक्ट नव्हती, दोन बाजू थोड्या वेगळ्या होत्या, तर जुनी मोजमापं आणि फोटो वापरून तो वाकडेपणाही मुद्दाम परत आणला. सरळ कमान काढणं सोपं गेलं असतं!

२००५ मध्ये युनेस्कोने हा परिसर जागतिक वारशाच्या यादीत घेतला, तोही दगडांच्या जुनेपणासाठी नाही तर सलोख्याचं प्रतीक म्हणून. आता सलोख्याचं म्हणाल तर मोस्तारमध्ये क्रोएट आणि बोस्नियाक (म्हणजे बोस्नियन मुस्लिम) मुलं अजूनही बऱ्याच प्रमाणात वेगवेगळा अभ्यासक्रम शिकतात, त्यामुळे हे प्रतीक मला जरा घाईचं वाटतं.

कायद्याचं काय? युद्धात वारसा वाचवायचा म्हणून १९५४ चा हेग करार आहे, पण त्यातच 'लष्करी गरज' असेल तर सूट आहे. आणि झालं तसंच, २०१७ मध्ये युगोस्लाव्हियातले युद्धगुन्हे तपासणाऱ्या हेगच्या न्यायाधिकरणाने अपिलात म्हटलं की हल्ल्याच्या वेळी हा पूल लष्करी लक्ष्य होता, कारण समोरचं सैन्य तो वापरत होतं, आणि क्रोएट नेत्यांवरचा पुलापुरता बेछूट विध्वंसाचा ठपका काढून टाकला. १९९९ च्या दुसऱ्या प्रोटोकॉलने ही सूट बरीच आवळली आहे, आता दुसरा कुठलाच मार्ग नसेल तरच असा हल्ला चालतो. पण जे देश त्यात रीतसर सामील झालेत त्यांनाच तो लागू.