वॉकर, टकर, फुलर

एकाच धंद्यातून निघालेली तीन इंग्रजी आडनावे. मागावरून उतरलेले लोकरी कापड तुडवून दाट करणाऱ्या कारागिराला मध्ययुगीन इंग्लंडमध्ये मुलूख बदलला की वेगळे नाव असे. ती नावेच पुढे घराण्यांना चिकटली.

नव्याने विणलेले लोकरी कापड तेलकट आणि विरळ असते. ते हौदात घालून, त्यात साठवून मुरवलेले मूत्र आणि एक विशिष्ट माती टाकून कारागीर अनवाणी पायांनी तासन्‌तास तुडवीत. मूत्रातल्या अमोनियाने आणि मातीने तेल सुटे. तुडवण्याने तंतू एकमेकांत गुंतून कापड आटे, जाड होई. या मातीला इंग्रजीत ‘फुलर्स अर्थ’ म्हणतात. आपण चेहऱ्याला लावतो ती मुलतानी माती याच जातीची. रोमन काळातही हा धंदा असाच चाले. पॉम्पेईच्या उत्खननात त्याचे हौद सापडले आहेत, आणि सम्राट व्हेस्पेशियनने मूत्रावर बसवलेला कर तर प्रसिद्धच आहे.

‘फुलर’चे मूळ लॅटिन ‘फुल्लो’मध्ये आहे. प्राचीन इंग्रजीत रुळलेल्या या शब्दाला नॉर्मन फ्रेंचने आणखी बळ दिले. हे आडनाव मुख्यतः इंग्लंडच्या आग्नेय भागातले. नैऋत्येला डेव्हन, सॉमरसेटकडे मात्र ‘टकर’. त्यामागचे प्राचीन इंग्रजी क्रियापद छळणे, हाल करणे या अर्थाचे आहे. कापडाचे काय होई ते पाहता नाव चपखल म्हणायचे. एक्सेटर शहरात या कारागिरांच्या संघाची 1471 मध्ये बांधलेली ‘टकर्स हॉल’ ही वास्तू अजून उभी आहे. उत्तरेत आणि पश्चिम मिडलंड्समध्ये ‘वॉकर’. त्याचा ‘चालणारा’ असा सरळ अर्थ लावणे चुकीचे ठरते. मूळ क्रियापदाचा अर्थ घोळणे, लोळवणे असा होता. ‘चालणे’ हा अर्थ त्याला नंतर आला.

बाराव्या शतकाच्या अखेरीस पाणचक्कीवर चालणारे लाकडी हातोडे हे काम करू लागले. टेम्पलर या ख्रिस्ती लढवय्या पंथाच्या 1185 च्या मालमत्ता नोंदीत अशा गिरण्यांचा उल्लेख आहे. वेल्श भाषेत या गिरणीला ‘पांडी’ म्हणतात. वेल्समधल्या टोनीपांडी या गावाच्या नावात तीच आहे. पायांचे काम संपले, शब्द मात्र राहिले. तोवर ती खरी आडनावे नव्हतीच: बापाने कापड तुडवले आणि पोराने पावाची भट्टी लावली, तर पोरगा ‘बेकर’ म्हणवला जाई. साधारण चौदाव्या शतकाअखेर इंग्लंडच्या बऱ्याच भागात आडनाव वंशपरंपरेने चालू लागले आणि धंद्यापासून सुटले.

मग ती कुठेही पोहोचली. मुंबई उच्च न्यायालयाच्या 1878 मध्ये पूर्ण झालेल्या इमारतीचा आराखडा कर्नल फुलर यांचा. स्कॉटलंडमधल्या किल्मार्नॉकच्या जॉन वॉकर या वाण्याने 1820 मध्ये दुकान काढले. त्याच्या नावाच्या व्हिस्कीसाठी 1908 मध्ये टॉम ब्राउन या चित्रकाराने ढांगा टाकत चालणारा माणूस रेखाटला, म्हणजे पुन्हा तोच चुकीचा अर्थ. त्या व्हिस्कीवरून मुंबईतल्या बसवर कंडक्टरकी केलेल्या बद्रुद्दीन काझी या विनोदी नटाला गुरुदत्तने पडद्यावरचे नाव दिले, जॉनी वॉकर.