५.६ नंतर ८ का? जुन्या कॅमेऱ्यावरचे आकडे वाचताना

पेंटॅक्स के१००० हा कॅमेरा १९७६ साली आला आणि १९९७ पर्यंत बनत राहिला. फोटोग्राफी शिकणाऱ्या असंख्य मुलांचा हा पहिला कॅमेरा. त्यात शटर चालायला बॅटरीही लागत नाही. ती फक्त प्रकाश मोजणाऱ्या लाइट मीटरसाठी. पण हातात घेतला की दिसतात ते आकडेच आकडे. लेन्सच्या कड्यावर २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६, २२. वरच्या चकतीवर १ पासून १००० पर्यंतची रांग, आणि त्याच चकतीच्या छोट्या खिडकीत फिल्मचा एएसए आकडा, म्हणजे ती प्रकाशाला किती संवेदनशील आहे त्याचं माप.

या रांगा वेगवेगळ्या दिसतात, पण तिन्हींचा हिशेब एकच आहे: प्रकाश दुप्पट किंवा निम्मा.

लेन्सचं नाभीय अंतर भागिले प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राचा व्यास, म्हणजे कड्यावरचा आकडा. ५० मिलिमीटरच्या लेन्सचं कडं २ वर असेल तर छिद्र २५ मिलिमीटरचं. ४ वर नेलं की साडेबारा. आकडा वाढतो तसं छिद्र लहान होतं, ते यामुळे. आता व्यास निम्मा केला तर वर्तुळाचं क्षेत्रफळ चौथाई होतं. आपल्याला प्रकाश फक्त निम्मा करायचा असेल, तर व्यासाला २ च्या वर्गमुळाने, साधारण १.४ ने, भागावं लागतं. म्हणून २ नंतर २.८, मग ४, मग ५.६, मग ८. ही रांग मला फार सुंदर वाटते: शाळेतलं वर्तुळाचं सूत्र धातूच्या कड्यावर कोरलेलं.

वरच्या चकतीवरचे आकडे शटरच्या वेगाचे, म्हणजे अपूर्णांकांचे छेद आहेत. १२५ म्हणजे सेकंदाचा १/१२५ वा भाग. ८ नंतर १६ न येता १५ येतो आणि ६० नंतर १२५, ते केवळ आकडे सोयीचे व्हावेत म्हणून. याच चकतीवरचं ‘बी’ हे अक्षर बल्बचं, पण दिव्याचा नव्हे. पूर्वी रबरी फुगा दाबून हवेच्या दाबाने शटर उघडत, त्याची ही आठवण. बटण दाबून धराल तोवर शटर उघडं राहतं.

खिडकीतला एएसए १०० वरून २०० झाला, म्हणजे फिल्मला निम्माच प्रकाश पुरतो. जर्मन कॅमेऱ्यांवर त्याच्या जोडीला डीआयएन, म्हणजे त्याच संवेदनशीलतेचं जर्मन माप, असतो: १०० ला २१, २०० ला २४, दर तीन अंकांना दुप्पट. खिडकीतला आकडा बदलल्याने फिल्मची संवेदनशीलता बदलत नाही. मीटरला फक्त कळतं की आत काय भरलंय.

आता खरी गंमत. १०० एएसएची फिल्म आणि लख्ख ऊन असेल, तर छिद्र १६ आणि वेग १/१२५ ही जुनी भरवशाची जोडी. धावणारं मूल टिपायचं म्हणून वेग १/५०० केलात तर प्रकाश दोन पायऱ्यांनी, म्हणजे दोनदा निम्मा होऊन, घटतो. मग छिद्र दोन पायऱ्या उघडा, ८ वर या. फिल्मवर पडणारा प्रकाश तेवढाच, फोटो मात्र वेगळा: हालचाल गोठते आणि मागचं दृश्य थोडं धूसर होतं. किती धूसर, तेही लेन्सवरच लिहिलेलं असतं. फोकसच्या खुणेच्या दोन्ही बाजूंना छिद्राचे आकडे आणि रेघा असतात. अनंताची खूण एका बाजूच्या १६ च्या रेघेवर आणा. दुसऱ्या बाजूच्या १६ समोर दिसेल त्या अंतरापासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. ५० मिलिमीटरच्या लेन्सवर ते साधारण अडीच-तीन मीटर भरतं. ऑटोफोकसच्या काळात या रेघा लेन्सवरून जवळजवळ नाहीशा झाल्या, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

फ्लॅशच्या खुणा तेवढ्या नीट पाहून घ्या. के१००० वर फ्लॅशसाठी सर्वात जास्त वेग १/६० चा. त्याहून वेगात शटरच्या दोन पडद्यांमधली फट फिल्मसमोरून सरकत जाते, पूर्ण चौकट एकाच क्षणी उघडी नसते, आणि फोटोचा एक भाग काळा पडतो. याशिकामॅट १२४जी सारख्या कॅमेऱ्यावर ‘एम’ आणि ‘एक्स’ असा खटका असतो. ‘एम’ जुन्या, एकदाच पेटणाऱ्या फ्लॅश बल्बसाठी: तो पूर्ण उजळायला सेकंदाचा सुमारे पन्नासावा भाग घेतो, म्हणून शटर तेवढं थांबतं. आजचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅश ‘एम’ वर लावला, तर शटर उघडण्याआधीच तो चमकून विझलेला असतो. खटका ‘एक्स’ वरच हवा.