साडेआठला झोपलेली नर्स साडेअकराला टक्क जागी का होते?

माझी बहीण नर्स आहे. महिन्यातून एक आठवडा तिला नाइट लागते. सकाळी साडेआठला घरी येते तेव्हा पापण्या मिटत असतात, चहासुद्धा न घेता आडवी होते. आणि साडेअकराला टक्क जागी! कूस बदलते, पंखा वाढवते, शेवटी उठून मेथी निवडत बसते. शेजारच्या काकू म्हणतात, "अगं, दिवसभर मोकळीच असतेस, झोप की चारपर्यंत." आईचंही मत तेच. झोप रात्री घ्या नाहीतर दिवसा, आठ तास भरल्याशी कारण.

हा हिशेब चुकीचा आहे. झोप दोन गोष्टींवर ठरते आणि त्यातली एकच आपल्या थकव्याला विचारते.

ती पहिली गोष्ट म्हणजे उधारी. जागेपणी मेंदूच्या पेशी ऊर्जा खर्च करतात आणि त्यातून अडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं. जितकं जास्त साठेल तितकी पेंग जास्त. झोपलो की ते उतरतं. चहा-कॉफीतलं कॅफिन अडेनोसिनच्या बसायच्या जागा अडवतं. उधारी तशीच राहते, फक्त सावकाराची हाक ऐकू येत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे शरीरातलं घड्याळ. झुरिचच्या अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये हे दोन्ही धागे एका आराखड्यात गुंफले. आपल्याला वाटतं की घड्याळ रात्री झोपवतं. खरं तर त्याचं मोठं काम आहे दिवसा जागं ठेवणं. मेंदूत, दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात त्याच्या अगदी वर, सुमारे २०,००० पेशींचा एक पुंजका आहे. हेच मुख्य घड्याळ. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, आपल्यासारख्याच दिवसा वावरणाऱ्या स्क्विरल माकडांमध्ये तो पुंजका नष्ट केला, तर माकडं दिवसाकाठी सुमारे चार तास जास्त झोपू लागली. जागं ठेवणारा रेटाच गेला होता. हा रेटा सकाळपासून चढत जातो आणि संध्याकाळी सगळ्यात जोरात असतो. पहाटेची गाडी पकडायची म्हणून रात्री आठलाच अंथरुणात शिरलेला माणूस दहापर्यंत छताकडे बघत पडतो, तो यामुळेच.

आता बहिणीकडे बघा. साडेआठला उधारी प्रचंड, म्हणून पडल्या पडल्या झोप. तीन तासांत गाढ झोपेचा मोठा हप्ता फिटतो. उरलेली उधारी तिला झोपवून ठेवायला पुरत नाही, कारण तोवर घड्याळाचा रेटा चढलेला असतो.

या पुंजक्यातल्या एकेका पेशीत स्वतःचं घड्याळ असतं. पण त्या पेशीतल्या घड्याळाला २४ तास कळतात कसे? माझा सगळ्यात आवडता भाग हाच. १९७१ मध्ये रॉन कोनोप्का आणि सीमोर बेंझर यांना फळमाश्यांमध्ये (पिकल्या केळ्यांवर घोंगावतात त्याच) तीन विचित्र वाण सापडले. एकाचा दिवस १९ तासांचा, दुसऱ्याचा २८ तासांचा, तिसऱ्याला दिवसच नाही. तिन्ही बिघाड एकाच जनुकात! त्याचं नाव पडलं 'पीरियड' आणि त्यावरून बनणारं प्रथिन ते 'पर'. पुढच्या कामासाठी हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं. कोनोप्का २०१५ मध्येच गेले होते, याची मला अजून चुटपुट लागते.

माणसासारख्या सस्तन प्राण्यांत यंत्रणा अशी. पेशीच्या केंद्रकात 'क्लॉक' आणि 'बीमॅल-१' ही दोन प्रथिनं 'पीरियड' जनुक चालू करतात. केंद्रकाबाहेर पर तयार होतं, 'क्राय' नावाच्या जोडीदाराला घेऊन आत परततं आणि आपलंच जनुक बंद करतं. नवं पर थांबतं, जुनं झिजून संपतं, कुलूप निघतं, पुन्हा सुरुवात. पण असं चक्र काही तासांत उरकायला हवं! ते रेंगाळतं, कारण केसीन कायनेज हे विकर (एन्झाइम) परवर फॉस्फेटचे ठिपके चिकटवत राहतं. एका जागी ठिपका लागला तर पर मोडीत निघतं, दुसऱ्या जागी लागला तर टिकतं. मोडणं आणि टिकणं यांच्या या ओढाताणीतून पर सावकाश साठतं आणि सावकाश संपतं. २४ तास जमतात ते या उशिरामुळे.

आणि याचा परिणाम माणसांच्या झोपेत तंतोतंत दिसतो. २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटाच्या संशोधकांनी एका कुटुंबाचा उलगडा केला. त्यातली माणसं संध्याकाळी साडेसातच्या सुमारास झोपत आणि पहाटे साडेचारच्या आसपास उठत. त्यांच्या पर-२ (परचाच एक प्रकार) प्रथिनात ६६२ व्या जागी सेरीन या अमिनो आम्लाऐवजी ग्लायसीन होतं. तिथे ठिपका लागेना, पर टिकेना, घड्याळ पुढे पळे. 'लवकर निजे, लवकर उठे' हे त्यांच्या बाबतीत एका अमिनो आम्लाचं काम होतं. म्हणून उशिरा उठणाऱ्या पोराला आळशी म्हणताना मला आता जड जातं.

मग बहिणीचं घड्याळ नाइटच्या आठवड्यात उलटं का होत नाही? माणसाचं घड्याळ मोकळं सोडलं तर सरासरी २४ तासांहून दहा-बारा मिनिटं जास्त घेतं आणि उजेड त्याला रोज जुळवून घेतो. डोळ्याच्या पडद्यात मेलॅनॉप्सिन असलेल्या खास पेशी आहेत, निळसर उजेडाला त्या सर्वाधिक प्रतिसाद देतात आणि थेट त्या पुंजक्याला खबर देतात. संध्याकाळचा उजेड घड्याळ मागे ढकलतो, सकाळचा पुढे ओढतो. रात्रपाळीने जरा मागे सरकलेलं घड्याळ घरी येतानाचं लख्ख ऊन पुन्हा जागेवर आणून बसवतं.

व्हॉट्सॲपवर फिरणारा तो तक्ता तुम्हीही पाहिला असेल. रात्री ११ ते १ पित्ताशयाची वेळ, १ ते ३ यकृताची, ३ ते ५ फुप्फुसांची. यकृतात खरंच घड्याळ आहे, शरीराच्या बहुतेक पेशींत आहे. पण यकृताचं घड्याळ मुख्यतः आपल्या जेवणाच्या वेळा बघून चालतं. पहाटे तीनला कॅन्टीनचा वडापाव खाल्ला तर ते मेंदूतल्या घड्याळापासून फारकत घेतं. ठरीव तासांना ठरीव अवयव 'साफ' होतो, या त्या तक्त्यातल्या दाव्याला काहीही आधार नाही.

बहिणीने दोन गोष्टी केल्या. सकाळी स्टॉपपासून घरापर्यंत काळा गॉगल लावते आणि खिडकीला जुनी गोधडी ठोकली आहे. आता एक-दीड वाजेपर्यंत झोप लागते. ड्यूटीला निघण्याआधी, संध्याकाळचा रेटा चढण्यापूर्वी, दुपारी चारला अजून तासभर पडते. काकूंना मी माकडांचा प्रयोग सांगितला. त्या आता अकराला बेल वाजवत नाहीत.