डॅशनंतरचा आकडा

स्मिथ अँड वेसनच्या रिव्हॉल्व्हरची चक्री डावीकडे उघडली, की तिचा बिजागरासारखा हात फ्रेममधल्या ज्या खाचेत बसतो तिथे बारीक आकडे ठोकलेले दिसतात : 10-5, 19-3, 686-1. अमेरिकेत जुने रिव्हॉल्व्हर घेणारा जाणता गिऱ्हाईक आधी चकाकी पाहत नाही, हे आकडे वाचतो. डॅशच्या अलीकडचा आकडा मॉडेलचा. पलीकडचा आकडा सांगतो, की कारखान्याने त्या मॉडेलमध्ये काहीतरी बदलले.

ही पद्धत 1957 सालची. त्याआधी मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या या कंपनीची रिव्हॉल्व्हर नावाने ओळखली जात. त्यातले सर्वांत खपाचे 'मिलिटरी अँड पोलीस', 1899 साली आलेले. .38 स्पेशल काडतूस त्याच्याच जोडीने रुजले. 1957 मध्ये त्याला 'मॉडेल 10' म्हटले जाऊ लागले. नाव गेले, आकडा आला, पण माल तोच राहिला. त्यामुळे 1956 चे आणि 1958 चे रिव्हॉल्व्हर हातात घेतले तर फरक शोधावा लागतो.

डॅशचा आकडा चढता असतो, म्हणून तो सरळ सुधारणांचा क्रम असेल असे वाटते. मॉडेल 10 मध्ये तो तसा नाही. 1959 चे 10-1 म्हणजे जाड नळीचे रिव्हॉल्व्हर. निमुळत्या नळीचे साधे 10 त्याच्या बरोबरीने बनतच होते. 1961 मध्ये रिकामी काडतुसे ढकलणाऱ्या दांड्याचे आटे उलटे केले, तेव्हा निमुळत्या नळीला 10-2 आणि जाड नळीला 10-3 असे आकडे पडले. म्हणजे 10-2 हे 10-1 चे पुढचे रूप नव्हेच. आटे उलटे करण्याचे कारण साधे होते. चक्री फिरता फिरता दांडा सैल होई. उलट्या आट्यांमुळे तो उलट आवळला जाऊ लागला. मात्र हे ठाऊक नसलेला कारागीर जुन्या सवयीने जोर लावतो आणि आटे मोडून ठेवतो. जुन्या मालात असा दांडा आढळला, तर आत आणखी कुणाकुणाचे हात फिरले असतील याची शंका घ्यावी.

स्क्रूंची गोष्टही अशीच. बाजूच्या झाकणाला चार आणि चापाच्या कड्यापुढे एक, म्हणून जुन्या रिव्हॉल्व्हरला संग्राहक 'फाइव्ह स्क्रू' म्हणतात. 1955 च्या सुमारास झाकणाचा वरचा स्क्रू गेला, 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला कड्यापुढचा गेला. नेमबाजीत याने फरक पडत नाही. किमतीत पडतो, आणि तो कधीकधी जरा अतीच पडतो.

डॅशचे आकडे येण्याआधीचा एक काळ मात्र गिऱ्हाइकाने खरोखर जपून पाहावा असा आहे. दुसऱ्या महायुद्धात हेच 'मिलिटरी अँड पोलीस' करड्या, झिलई नसलेल्या रूपात बनले. क्रमांकाआधी व्ही हे अक्षर, म्हणून त्याला व्हिक्टरी मॉडेल म्हणतात. 1944 च्या अखेरीस असे एक रिव्हॉल्व्हर जहाजावर खाली पडून उडाले आणि एक खलाशी दगावला. त्यानंतर घोडा अडवणारी पट्टी बदलली गेली, आणि नव्या पट्टीच्या मालावर एसव्ही अशी अक्षरे आली. ती आहेत की नाहीत, हे मुठीच्या तळाशी दिसते.

याच मॉडेलची पाच लाखांहून जास्त रिव्हॉल्व्हर ब्रिटन आणि राष्ट्रकुलातल्या फौजांना गेली, पण ती .38/200 या ब्रिटिश काडतुसासाठी. हे काडतूस .38 स्पेशलपेक्षा आखूड आणि किंचित जाड. युद्धानंतर यातली बरीच रिव्हॉल्व्हर अमेरिकेत परतली. तिथे नळ्या कापून आणि चक्रीची घरे खोल करून ती .38 स्पेशलच्या नावाने विकली गेली. घर खोल करता येते, रुंद घर अरुंद करता येत नाही. अशा चक्रीतून निघालेले रिकामे काडतूस बुडाशी फुगलेले असते, कधी चिरलेलेही. आखूड केलेली नळी आणि ब्रिटिश तपासणीचे शिक्के एकत्र दिसले, तर स्वस्त किमतीचे कारण तेच. त्या ब्रिटिश काडतुसासाठीच बनलेल्या वेब्ली मार्क 4 या ब्रिटिश रिव्हॉल्व्हरचा वंश आपल्याकडेही आहे : कानपूरच्या आयुध कारखान्याचे .32 रिव्हॉल्व्हर त्याच्याच बेतावर उभे आहे.

डॅशच्या पुढे कधी अक्षरही लागते. .357 मॅग्नमच्या 586 आणि 686 या मॉडेलांमध्ये काही काडतुसांच्या बुडाची ठिणगी देणारी टोपी मागच्या बाजूला, घोड्याचे टोक ज्या भोकातून येते तिथे दाबली जाऊन चक्री अडकत असे. 1987 मध्ये कंपनीने ही रिव्हॉल्व्हर दुरुस्तीसाठी परत मागवली आणि दुरुस्त केलेल्यांवर एम हे अक्षर ठोकले. म्हणून नुसते 686 किंवा 686-1 दिसले, तर शेजारी एम आहे का हे पाहावे. नसेल, तर ते कारखान्यात परत गेलेच नसण्याची शक्यता आहे.

1982 मध्ये नळी फ्रेमला आडव्या पिनेने पक्की करणे बंद झाले. मॅग्नम चक्रीत काडतुसाची कड बुडेल अशी खाच कोरणेही त्याच सुमारास थांबले. खर्च वाचला, मजबुतीत फारसे बिघडले नाही, तरी पिनवाल्या मालाचा भाव चढाच राहिला. त्याहून मोठी फूट मात्र राजकारणाने पाडली. मार्च 2000 मध्ये कंपनीच्या तेव्हाच्या ब्रिटिश मालकांनी क्लिंटन सरकारशी बंदुकांच्या सुरक्षिततेचा करार केला. ग्राहक भडकले, बहिष्कार पडला, आणि 2001 मध्ये कंपनी सेफ-टी-हॅमर या बंदुकांची कुलपे बनवणाऱ्या कंपनीला विकली गेली. लवकरच घोड्याजवळ फ्रेमच्या डाव्या बाजूला किल्लीचे एक छोटे भोक दिसू लागले. जुन्या मालाच्या बाजारात आजही ते भोक आहे की नाही, हे आधी विचारले जाते.