लसणीचा वास लसणीत नसतोच

लसणीची पाकळी अलगद सोला, नख लागू देऊ नका, आणि नाकाशी धरा. वास जेमतेम येतो. तीच पाकळी ठेचली की काही सेकंदांत दर्प खोलीभर पसरतो. म्हणजे हा वास पाकळीत भरून ठेवलेला नसतो, तो आपल्या डोळ्यांदेखत तयार होतो. लसणीची मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच.

पाकळीत ॲलिइन नावाचं गंधकाचं संयुग असतं. त्याला वास नाही. त्याचे तुकडे करणारं ॲलिनेज हे विकर, म्हणजे एन्झाइम, वेगळ्या कप्प्यात बंद असतं. सुरी किंवा कीटकाचा दात लागला की कप्पे फुटतात आणि दोघांची गाठ पडते. ॲलिइनपासून एक अतिशय अस्थिर आम्ल सुटतं. त्याचे दोन रेणू, पाण्याचा एक रेणू टाकून, एकमेकांना जोडले जातात. झालं ॲलिसिन! ते १९४४ साली कॅव्हॅलिटो आणि बेली यांनी वेगळं केलं. लसणीसाठी हे शस्त्र आहे: जिवाणूंच्या प्रथिनांतल्या गंधकाला ॲलिसिन जाऊन चिकटतं आणि त्यांचं काम बंद पाडतं. कच्ची लसूण जिभेला झोंबते, तीही मुख्यतः त्याच्यामुळेच. अख्खी पाकळी आधी उकळून मग ठेचली, तर उष्णतेने विकर निकामी झालेलं असतं आणि तो तिखट दर्प येतच नाही.

ॲलिसिन स्वतः फार टिकत नाही. त्यातून डायअलिल डायसल्फाइडसारखी संयुगं बनतात. पण दुसऱ्या दिवशीपर्यंत रेंगाळणाऱ्या श्वासाच्या वासाला प्रामुख्याने जबाबदार असतं अलिल मिथाइल सल्फाइड. बाकीची संयुगं बरीचशी तोंडातच असतात. हे मात्र आतड्यातून रक्तात, रक्तातून फुफ्फुसांत पोहोचतं आणि प्रत्येक उच्छ्वासाबरोबर थोडं थोडं बाहेर पडतं. घामातूनही येतं. म्हणूनच कितीही दात घासले तरी ते जात नाही. उगम तोंडात नाहीच.

दुधाने हा वास कमी होतो, सायीच्या दुधाने अधिक, कारण ही संयुगं स्निग्धांशात विरघळतात. लसूण खाऊन झाल्यावर प्यायलेल्या दुधापेक्षा लसणीबरोबरच पोटात गेलेलं दूध जास्त उपयोगी ठरतं. कच्चं सफरचंदही चालतं. चावल्यावर त्याच्याही पेशी फुटतात, त्यातलं विकर मोकळं होतं आणि सफरचंदातल्या फिनॉलांना गंधकाच्या संयुगांशी बांधायला मदत करतं. शिजवलेल्या सफरचंदात तेवढा जोर राहत नाही.